पाचवा जोड

सर, तुम्ही गेलात आणि बारा दिवसांत थोर झालात. आपली एकही लेझरची नळी एवढ्या झपाट्यानं कधी पेटली नव्हती.

काल विभागाच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हता ते बरं झालं. असता तर पहिल्याच भाषणाला "मुद्द्यावर या" म्हणून ओरडला असता आणि दुसऱ्याला घोरायला लागला असता. सहा जण बोलले, आणि तुम्ही आयुष्यभर काय करत होता हे त्या सहांतल्या एकालाही माहीत नव्हतं. एक म्हणाला, सरांनी लेझरच्या माध्यमातून समाजाला प्रकाश दिला. डोंबलाचा प्रकाश! तुमच्या लेझरचा किरण डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दुसरे एक खांद्यावर उपरणं टाकून आलेले, त्यांनी तर सांगितलं की सरांमुळं कितीतरी गोरगरिबांचे डोळे वाचले. त्यांना वाटलं, तुम्ही मोतीबिंदू काढत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागच्या रांगेत बसून हे सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हीच माणसं तुम्ही जिवंत असताना तुमच्या दारात आली असती, तर तुम्ही कुत्रं सोडलं असतं.

तुमचे धाकटे बंधू भूपालअण्णा व्यासपीठावर होते. रुमालानं डोळे पुसत होते. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी मान्य करतो. सभा संपल्यावर दारात उभे राहून त्यांनी प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा दिला. "आमच्या थोरल्या अण्णांची आठवण. आपल्या गुऱ्हाळाचा हाय, एकदम शुद्ध." मला पण दिला. पिवळाधमक. मी घेतला, खिशात टाकला आणि बाहेर आलो.

तिथं विभागप्रमुख मॅडमनी गाठलं. "मिलिंदराव, तुम्ही सरांबरोबर वीस वर्षं काम केलंय. स्मृती-अंकासाठी दोन पानं लिहून द्या. जरा गोड लिहा हं." गोड! सर, गोडाचा धंदा तुमच्या घराण्याचा. मी काच फुंकणारा माणूस. मला जे येतं तेच लिहिणार, आणि मॅडमना छापायचं तर छापू देत.

सभागृहातल्या शहाण्यांना बघून या अंकाच्या वाचकांवरचाही माझा विश्वास उडालाय, म्हणून आधी सांगून टाकतो. एक लांब काचेची नळी. आत कार्बन डायऑक्साईड, नायट्रोजन आणि हेलियम, दोन्ही टोकांना आरसे, आणि सगळं कायमचं बंद. वीज सोडली की आत जांभळट गुलाबी उजेड पडतो आणि एका टोकातून न दिसणारा किरण बाहेर येतो. त्या किरणानं ॲक्रिलिक कापतात, लग्नपत्रिकेवर गणपती कोरतात, आता तर चपलेच्या चामड्यावर नवरानवरीची नावं पण काढतात. पण विजेच्या माऱ्यानं आतला कार्बन डायऑक्साईड फुटत राहतो. त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो, ऑक्सिजन सुटा पडतो आणि किरण दिवसेंदिवस मऊ पडत जातो. नळी बंद, त्यामुळं ताजा वायू भरायची सोय नाही. मग आतच असं काहीतरी ठेवायचं की जे त्या फुटलेल्या दोघांना परत जुळवेल आणि स्वतः आहे तसंच राहील. तुम्ही चिनीमातीच्या बारक्या दाण्यांवर कथिलाच्या ऑक्साईडचा थर द्यायचा आणि त्यावर प्लॅटिनम चढवायचा. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात. आपण दोघं नुसतं 'दाणे' म्हणायचो. नळीच्या बगलेला मी काचेची एक डबी जोडायचो, दाणे तिच्यात बसायचे.

बस, एवढंच. एवढ्यासाठी तुम्ही आयुष्य घातलंत आणि लोक टाळ्या वाजवतायत मोतीबिंदूला.

तुम्ही माझ्या खोलीत पहिल्यांदा आलात तो दिवस मला आठवतोय. विभागातले बाकीचे मास्तर लोक दारातनंच चिठ्ठी टाकायचे आणि जायचे, जसा काही मी पंक्चरवाला. तुम्ही आत आलात, स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "मला शिकीव." मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "काच जोडायला. जी वस्तू वापरायची ती करता आली पायजे की." तीन महिने तुम्ही माझ्या बर्नरपुढं बसलात. एकदा मिशीची उजवी बाजू जाळून घेतलीत. आणि तीन महिन्यांनी तुम्हाला जमलं ते काय, तर मक्याच्या कणसाला रोग पडून आलेल्या काणीसारखा एक जाडजूड गोळा. तो बघून मी हसलो, तर तुमचं तोंड उतरलं. म्हणालात, "धरील का हवा?" मी म्हटलं, "धरील, पण दाखवू नका कुणाला." प्राध्यापक माणूस आणि हात असा. कीव आली होती मला तुमची, खरं सांगतो.

आणि चहा. माझ्या खोलीत, माझ्या कपातनं, माझ्यासोबत बसून चहा पिणारे त्या इमारतीत तुम्ही पहिले. मी "जय भीम" म्हटलं की तुम्ही आधी "जय भीम" म्हणायचात आणि मग "जय जिनेंद्र". विसरला नाहीत कधी, भांडणाच्या दिवसांतही नाही. हे लिहायचं नव्हतं, कारण मला आज तुमचा राग करायचाय. पण लिहिलं गेलं.

आपली पहिली नळी श्रावणात पेटली. चपलांच्या दुकानातनं आणलेला चामड्याचा तुकडा मी किरणापुढं धरला, आणि चर्रकन भोक पडलं. खोलीभर जळक्या चामड्याचा वास. तुम्ही तो तुकडा नाकाला लावून असा हुंगलात जसा काही मोगरा. ती नळी गणपतीत चालू, नवरात्रात चालू, दिवाळीतही चालू. दररोज एक भोक, सगळी सारखी. तुम्ही माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारलीत की मी खोकलो. "मिलिंदा, कोल्हापुरात झालीय ही लेका!" म्हणालात. त्या दिवशी मला वाटलं, या माणसासाठी काय वाट्टेल ते करीन.

मग पौषात दुसरी नळी केली. तीच काच, तेच वायू, तेच हात. अकराव्या दिवशी उजेड पांढुरका पडला आणि किरणानं चामड्यावर नुसता डाग उठवला. तुम्ही नळीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "जोड गळतोय."

सर, काच फुंकणाऱ्याला यापेक्षा वाईट शिवी नाही. माझे चार जोड होते त्या नळीला. दोन टोकांचे, एक पाण्याच्या वेष्टणाचा, एक डबीचा. मी तुमच्यासमोर ठिणगीची कांडी त्या चारही जोडांवरनं फिरवली. बारीकसं जरी छिद्र असलं तरी ठिणगी तिथं धावते आणि टाचणीएवढा पांढरा ठिपका पेटतो. कुठंही पेटला नाही. शिवाय मी सांगितलं, बाहेरची हवा आत शिरली तर उजेड फडफडतो, पेटायला नखरे करतो. हा तर शांतपणे पांढरा पडलाय. बिघाड आतल्या आत हाय. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "थंडीनं काच आकसती मिलिंदा. तवा गळत असंल."

थंडीनं! कोल्हापूरच्या थंडीनं! इथं डिसेंबरात सकाळी मफलर बांधतात ते दहा वाजता काढून कमरेला बांधतात. हिमालयात राहिल्यासारखं बोलत होता तुम्ही. पीएच.डी. झालेला माणूस एवढं अडाणी बोलू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी तेच. पावसाळ्यातली नळी चालली, हिवाळ्यातली मेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि तुम्ही अहवालात लिहिलंत, 'काचेच्या जोडातील गळतीमुळे नळी निकामी.' पांढऱ्यावर काळं करून टाकलंत. तो अहवाल सगळीकडं फिरला. पदार्थविज्ञानवाले आपली कामं बाहेरनं करून आणायला लागले. विभागात माझं नाव पडलं 'गळके'. शिपायापासून सगळे म्हणायचे, "गळके हायत का आत?" मी निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ देताना एकानं माइकवर तोच विनोद केला आणि सगळं सभागृह हसलं. माझी बायको पहिल्या रांगेत होती. तुम्ही तिच्या शेजारी बसला होता, सर. तुम्ही हसला नाहीत, पण उठून बोललाही नाहीत.

मला खरं काय ते कळलं ते तुमच्याच गावात. गडहिंग्लजच्या अलीकडं तुमचं शेत, शेताच्या कडेला भूपालअण्णांचं गुऱ्हाळ. तुमचे दाणे वाळवायचे असायचे दोन दिवस एकसारख्या उबेत. विभागात ओव्हन होता, पण तुम्ही त्याला नाकं मुरडायचात. "पोरांनी त्यात काय काय शिजवलंय देवाला ठाऊक. माझ्या दाण्यांस्नी ती घाण नको." म्हणून दाण्यांचं ताट घेऊन तुम्ही एस.टी.नं गावी जायचात आणि चुलवणाच्या, रस उकळायच्या भट्टीच्या, वरच्या माळ्यावर ठेवायचात. शुद्ध जागा! पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, तेव्हा नाइलाजानं ओव्हन. हे सगळं मला माहीत होतं, पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या हिवाळ्यात ताट पोचवायला तुम्ही मला पाठवलंत. रसाची काईल, ती भली मोठी कढई, उकळत होती. रस घट्ट होत आला तसा गुळव्यानं पोत्यामागनं डबा काढला आणि मूठभर पांढरी पावडर काईलीत फेकली. बघता बघता काळपट रस पिवळा झाला. आणि वास आला, नाक झोंबणारा, काड्यापेटीची काडी ओढल्यासारखा. वर माळ्यावर वाफ जात होती. तिथंच तुमचं ताट ठेवायचं होतं. मी गुळव्याला विचारलं, "पावणं, काय टाकलंसा?" तो म्हणाला, "काय न्हाय ओ, मळी काढायला भेंडीचं पाणी." भेंडीचं पाणी डब्यात असतं व्हय, आणि तेही कोरडं? ती हायड्रोस होती, गूळ पिवळा करायची पावडर. सगळा जिल्हा ओळखतो तिला. तिच्यातनं गंधकाची वाफ सुटते, आणि प्लॅटिनमला गंधक म्हणजे विष, हे मला तुम्हीच शिकवलेलं, सर. माझ्याच स्टुलावर बसून.

गुऱ्हाळाच्या दारावर पाटी होती, 'रसायनमुक्त शुद्ध गूळ'. अक्षरं तुमच्या हातची.

मी ताट ठेवलंच नाही. परत घेऊन आलो आणि तुमच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. पावसाळ्यात नळी का जगते, हिवाळ्यात का मरते, सगळं. मला वाटलं, तुम्ही उठून पाठीत थाप माराल. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. आणि म्हणालात, "आमच्या गुऱ्हाळात हायड्रोस न्हाय."

"सर, मी डोळ्यानं बघितलंय."

"न्हाय म्हणजे न्हाय. भूपाल तसलं करणार न्हाय. आव्वाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतलीय त्यानं."

"मग दाणे मेले कशानं?"

"जोड बघ तुझा," म्हणालात. वर बघितलंसुद्धा नाहीत.

तेव्हा मला तुमची खरी किळस आली. चूक कोण करत नाही? थंडीनं काच आकसते म्हणालात तोवर मी तुम्हाला नुसतं मूर्ख समजत होतो, आणि मूर्खावर माणूस प्रेम करू शकतो. पण त्या दिवशी तुम्हाला कळलेलं होतं. कसं सांगू? वर्षानुवर्षं मी तुमच्या घरी चहा प्यालो. वहिनी गुळाचा चहा करायच्या. तो गूळ काळा असायचा, सर. बिद्रीच्या बाजूच्या कुणा शेतकऱ्याकडनं मागवलेला. एकदा मी सहज विचारलेलं, "वहिनी, घरचं गुऱ्हाळ असून बाहेरचा गूळ?" तर त्या म्हणाल्या, "ह्यांना तो पिवळा सोसत नाही." तुमच्या नाकाला, तुमच्या जिभेला सगळं माहीत होतं. जगाला पिवळा शुद्ध म्हणून पाटी रंगवून द्यायची आणि स्वतः काळा खायचा. वर गळका कोण, तर मिलिंद.

घराण्याची पाटी वाचवायला तुम्ही माझं नाव विकलंत. हे तुम्हाला तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी दुसरं केलं. बोलणंच बंद केलं. दोन वर्षं. रस्त्यात भेटला की "जय भीम", "जय भीम, जय जिनेंद्र", आणि आपापल्या वाटेनं. मला वाटायचं, एक ना एक दिवस हा माणूस येईल आणि एक वाक्य बोलेल. एकच. सगळे जोड लावून, ठासून भरलेली वाक्यं तुम्ही परिषदांमधनं बोलायचात, मग हे एक का जमू नये?

आणि तुम्ही आलात. जायच्या तीन आठवडे आधी, कसबा बावड्यात माझ्या घरामागच्या शेडमध्ये. हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली नळी, धाप लागलेली, रिक्षावाल्यानं हात धरलेला. बसा म्हणायची पण मला इच्छा झाली नाही. तुम्ही आपणहून त्याच जुन्या स्टुलावर बसलात. निवृत्त होताना मी ते विभागातनं उचलून आणलेलं, हेही तुम्हाला ओळखू आलं बहुतेक, कारण तुम्ही त्याच्या पायावरून हात फिरवलात.

"मिलिंदा, ही बघ जरा. गळतीय वाटतं. बघून सांग."

परत तेच! दोन वर्षांनी दारात आलेला माणूस, आणि तोंडातनं काय, तर गळतीय. माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. मी म्हटलं, "ठेवा तिथं." तुम्ही फळीवर ठेवलीत. थोडा वेळ बसलात. चहा विचारीन म्हणून वाट बघत होता, हे मला कळत होतं. मी मुद्दाम पाठ करून एक निरुपयोगी काच कापत बसलो. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, "सावकाश बघ, पण बघ."

त्यानंतर दोनदा फोन केलात. "बघितलीस का रं?" मी म्हटलं, "सवड न्हाय सर." सवड! निवृत्त माणूस मी, दुपारी मांजरासारखा उन्हात झोपतो. सवडच सवड आहे. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "बरं. सवडीनं." तिसरा फोन वहिनींचा आला.

काल मॅडमनी लेख मागितला, तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "सरांची ती शेवटची नळी तुमच्याकडंच आहे ना? सरांनी का नेली कळलं नाही. इथं टेबलावर दसऱ्यापासून छान चालत होती."

मी म्हटलं, "चालत होती?"

"हो की. जुन्या नळीचे नुसते दाणे बदलले होते त्यांनी. पावसाळाभर यायचे, आमच्याच ओव्हनमध्ये दाणे वाळवायचे. मी म्हटलं, सर, तुम्हाला तर हा ओव्हन चालत नाही ना? तर म्हणाले, ह्योच बरा हाय."

मी पायऱ्या कशा उतरलो ते मला आठवत नाही. घरी आलो, शेड उघडली, टॉवेल सोडला. नळीवर माझाच आकडा होता, माझ्याच हातानं कोरलेला. ही तीच, सर, पौषातली, अकरा दिवसांत मेलेली. अहवालातली. माझे चारही जोड जसेच्या तसे. तुम्ही हात लावला नव्हता त्यांना. फक्त डबीची शेपटी कापलेली, आतले दाणे काढून नवे भरलेले, ताजा वायू सोडलेला, आणि नवी काच लावून शेपटी परत बंद केलेली. त्या जागी पाचवा जोड होता. जाडजूड, गाठीगाठींचा, मक्याच्या काणीसारखा. ओळखायला मला क्षणही लागला नाही.

दुसऱ्या कुणाकडनं करून घेतला नाहीत. माझ्याकडं येऊन करून दे म्हणायची लाज वाटली. बर्नर पेटवून स्वतः बसलात. कुणी बघितलं असेल तर हसलं असेल. मग दसऱ्यापासून ती चालवलीत, म्हणजे आपल्या दोघांचं भांडण कुणी जिंकलं ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. माझे जोड गळत असते तर दाणे बदलून काय उपयोग झाला असता? तरी तुम्ही ते चालू असलेलं यंत्र उचलून, धापा टाकत बावड्याला आलात आणि म्हणालात, गळतीय वाटतं. मी ती पेटवावी म्हणून. पेटलेली बघावी म्हणून. अहो, केवढा हा भित्रेपणा! एक वाक्य टाळायला माणसानं काचेची नळी करायची? फुटलेलं जुळवायची विद्या तुम्ही शिकवत होता, आणि दोन माणसांतलं साधं भांडण तुम्हाला तोंडानं मिटवता आलं नाही. मला तुमचा तिरस्कार वाटतो, सर.

आणि माझा त्याहून जास्त. तुम्ही निदान रिक्षा करून आलात. मी फळीवरची वस्तू उचलली नाही. तुम्ही तीन आठवडे फोनजवळ बसून होता आणि मी उन्हात झोपलो होतो, पाठ फिरवून, मोठा स्वाभिमानी.

आज सकाळी मॅडमना फोन करून म्हटलं, त्या जुन्या अहवालातली ओळ बदला. त्या म्हणाल्या, "आता कशाला मिलिंदराव? सर गेले. आणि मग कारण काय लिहायचं? गुऱ्हाळ आलं, भूपालअण्णा आले. सरांच्या नावाला उगाच..." बरोबर आहे त्यांचं. सरांच्या नावाला. माझं नाव काय, गळत आलंय, गळू दे.

म्हणून मीच इथं लिहितोय. दाणे हायड्रोसच्या वाफेनं मेले. जोड गळत नव्हता. भूपालअण्णा वाचतील. वाचू देत. त्यांनी दिलेला खडा इथं टेबलावर पडलाय, त्याला मुंगी लागलेली नाही की मी तोंड लावलेलं नाही. पाटी उतरवायची की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं. तुम्ही असता तर हा लेख छापू दिला असता का, हे मला खरंच माहीत नाही. मला वाटतं, चष्मा काढला असता, पुसला असता, परत घातला असता. मग कदाचित म्हणाला असता, छाप.

आता दुपारचे साडेतीन वाजलेत. पौष चालू आहे, तुमची ती प्रसिद्ध थंडी पडलीय, मी बनियनवर बसलोय. पाण्याचा पंप लावलाय, नळी पेटवलीय. उजेड जांभळट गुलाबी, एकदम स्थिर. चामड्याच्या तुकड्याला चर्रकन भोक पडलं. तुकडा नाकाला लावून बघितला. मग ठिणगीची कांडी घेतली आणि नळी बंद करून एकेका जोडावरनं फिरवली, सावकाश, तुम्ही सांगितलं होतं तशी. दोन कप चहा केला होता. एक प्यालो.

बघितली, सर. माझे चार गळत न्हाईत. तुमचा पाचवाबी न्हाय.